तिसरी कॉइल: थंडीत सैल न पडलेली

परवा माझी तिसरी सुपरकंडक्टिंग (अतिवाहक) कॉइल सहाव्यांदा द्रव नायट्रोजनमधून बाहेर काढली. अजून धड आहे, म्हणून ही नोंद.

सामान तेच आहे: ४ मिमी रुंद, ०.१ मिमी जाड रेब्को टेप (धातूच्या पट्टीवर अतिवाहकाचा पातळ थर), ९ मीटर; ६० मिमी व्यासाच्या फॉर्मरवर, म्हणजे आतल्या चकतीवर, ४५ वेढे, मध्ये इन्सुलेशन नाही. नायट्रोजन मिळतो गायी-म्हशींच्या कृत्रिम रेतनासाठी कॅन भरून देणाऱ्यांकडे.

पहिली कॉइल एपॉक्सीत भिजवली होती, ती एकाच थंडीत गेली. उलगडली तेव्हा टेपचं तांबं एपॉक्सीला चिकटून राहिलं होतं आणि खाली टेपचा कणा असलेली हॅस्टेलॉयची (निकेलच्या मिश्रधातूची) पट्टी उघडी पडली होती. ही टेप लांबीच्या दिशेने चारपाचशे मेगापास्कल सोसते, पण कडेपासून सालीसारखी सोलली तर १ मेगापास्कलच्या आतच सुटते. थंडीत एपॉक्सी टेपच्या कितीतरी पट आकसतं आणि नेमकं तेच सोलणं करतं.

दुसरीने मला जास्त शिकवलं. एपॉक्सी नको म्हणून ती कोरडीच गुंडाळली, फॉर्मर अ‍ॅल्युमिनियमचा. थंड असताना चिमट्याने धरली तर फॉर्मर आतल्या आत किंचित हलत होता. गरम होताना सर्वांत आतला वेढा जागेवर परत बसलाच नाही, एका कडेने वर चढला आणि तिथेच मुडपला. मग गणित मांडलं. ७७ केल्विनपर्यंत, म्हणजे द्रव नायट्रोजनच्या तापमानापर्यंत, अ‍ॅल्युमिनियम ०.३९ टक्के आकसतं, टेप साधारण ०.२५. फरक ०.१४. गुंडाळताना टेपला २ किलोचं वजन टांगलं होतं, म्हणजे ५० मेगापास्कल. त्याने टेप ताणली जाते जेमतेम ०.०४ टक्के. भरलेला सगळा ताण थंडीने खाल्ला आणि वर फट पाडली. वजन वाढवूनच हे भरून काढायचं तर ७ किलो लागतात. टेप ते सोसेल, पण आतलं टोक जिथे तांब्याला डाखलंय तो जोड मला इतक्या भाराखाली घालायचा नव्हता.

म्हणून आता फॉर्मर ग्लास-एपॉक्सीच्या शीटमधून कापला, कापडाचे थर चकतीच्या पातळीत येतील असा. त्या दिशेने तो ०.२ टक्क्यांच्या आसपासच आकसतो, टेपपेक्षा कमी. थंड झाल्यावर कॉइल उलट आवळते! दिशा चुकली तर सगळं फुकट, कारण थरांना काटकोनात हीच शीट तिप्पट आकसते. वेढ्यांत वितळलेलं पॅराफिन मेण सोडलं. थंडीत मेणाला बारीक तडे जातात, पण ते टेपला ओढत नाही.

४.२ केल्विनच्या (द्रव हेलियमच्या) किंवा त्याहून थंड कॉइल्सना वेढा काही मायक्रॉन सरकला तरी क्वेंच होतो, म्हणजे अतिवाहकता अचानक जाते, कारण तिथे धातूची उष्णता सामावण्याची ताकद नगण्य असते. सर्नच्या एलएचसी या कणत्वरकामधले चुंबक म्हणूनच पोलादी कॉलरमध्ये घट्ट आवळलेले आहेत. ७७ केल्विनला ती भीती जवळजवळ नाही. आपल्याला जपायची ती टेपच.

क्रांतिक प्रवाह (ज्याच्या पुढे टेपमध्ये रोध दिसू लागतो तो) सेंटिमीटरला १ मायक्रोव्होल्ट या निकषावर मोजतो, म्हणजे पूर्ण कॉइलवर ०.९ मिलिव्होल्ट. पहिल्या थंडीत ५५ अँपिअर मिळाले, सहाव्यातही ५५. मध्यभागी ४८ मिलिटेस्ला. दर वेळी कॅनच्या तोंडाशी वाफेत अर्धा तास टांगून मगच बुडवतो. पुढच्या चार फेऱ्या थेट बुडवून करणार आहे.