बाली, भात आणि वरच्या शेतकऱ्याचं गणित

बालीला जाऊन आलो म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला: कुठले कुठले बीच केले? मुक्कामातला बराचसा वेळ आम्ही डोंगरात, भाताची खाचरं, तळी आणि देवळं बघण्यात घालवला असं सांगितलं की लगेच दुसरा येतो: "अहो, भातच बघायचा होता तर मुळशी काय वाईट होती? त्याला पासपोर्ट कशाला?" सकाळी टेकडीवर भेटणारी मंडळी, लग्नात शेजारी बसलेले पाहुणे, तिकडे निघालेल्या भाचेसुना, सगळे हेच विचारतात. तुम्हीही विचारलंत म्हणून जरा सविस्तर सांगतो.

मुळशी वाईट नाहीच. नुसतं हिरवंगार बघायचं असेल तर श्रावणात ताम्हिणीच्या रस्त्याला लागावं, समुद्र ओलांडायची गरज नाही. पण माझी नोकरी पाटबंधाऱ्यातली. शेत दिसलं की माझं लक्ष पिकाआधी पाण्याकडे जातं: कुठून आलं, कुणी सोडलं, पुढे कुणाला मिळणार. मुळशीतलं खाचर पावसावरचं. बांधात अडलं ते आपलं, सांडलं ते खालच्याचं. बालीत एका डोंगराच्या उतारावरचं पाणी शेकडो शेतकरी वरपासून खालपर्यंत वाटून घेतात, आणि कुणी कधी लावणी करायची याचा मेळ देवळाच्या साक्षीनं बसतो. मला ते बघायचं होतं.

म्हणून तिकडे जाणाऱ्यांना मी सांगतो, सुरुवात वरून करा. उत्तरेकडे बेदुगुलच्या डोंगरात एका जुन्या ज्वालामुखीच्या कढईत तीन तळी आहेत: ब्रातान, बुयान आणि तांब्लिंगान. उंची बाराशे मीटरच्या वर. विषुववृत्ताजवळचं बेट असूनही इथे संध्याकाळी स्वेटर लागतो आणि बाजारात स्ट्रॉबेरी मिळते, त्यामुळे आपल्या माणसाला महाबळेश्वरी आल्यासारखं वाटतं. ब्रातानच्या काठावरचं उलुन दानू हे देऊळ तुम्ही फोटोत पाहिलेलं असणार. पाण्यात उभं, एकावर एक अकरा छपरांचं. इंडोनेशियाच्या पन्नास हजार रुपियाच्या जुन्या नोटेवरही ते होतं. देऊळ सतराव्या शतकातलं, मेंगवीच्या राजघराण्यानं बांधलेलं, आणि देवी दानूचं, म्हणजे तळ्याच्या, पाण्याच्या देवीचं. आवारात एक बौद्ध स्तूप आहे आणि पलीकडच्या उतारावर मशीद. काठाला हंसाच्या आकाराच्या पायडलच्या होड्या आहेत. त्या नसत्या तर बरं झालं असतं, पण आपण सारसबागेच्या गावचे, बोलणार काय?

आपल्या लोकांचा इथे एक हिरमोड होतो. हात जोडून उभं राहावं तर समोर मूर्तीच नाही. बालीच्या देवळांत बहुतेक आसनं रिकामी असतात. उत्सवाच्या वेळी देव तिथे येऊन बसतात आणि मग परत जातात. आमच्या ग्रुपमधल्या एक मावशी शेवटपर्यंत विचारत होत्या, "पण दर्शन कशाचं घ्यायचं?" छपरांची संख्या मात्र बहुतेक विषम: तीन, पाच, सात, नऊ, अकरा. मासिक पाळी चालू असलेल्या बाईनं आत येऊ नये अशी पाटी दाराशी असते. आपल्याकडे ज्यावर इतकी वर्षं भांडण चाललंय, ते तिथे इंग्रजीत रंगवून टांगलेलं बघून मुलगी चांगलीच वैतागली. मलाही ते आवडलं नाही.

आता पाण्याकडे वळतो. या तळ्यांतून एकही नदी बाहेर पडताना दिसत नाही. पाणी राखेच्या सच्छिद्र थरांतून झिरपतं आणि डोंगराच्या अंगाखांद्यावर झरे होऊन फुटतं. खालच्या शेतकऱ्याची ठाम समजूत की आपल्या झऱ्याचं मूळ वरच्या तळ्यात आहे. म्हणून तो दानूदेवीला नैवेद्य घेऊन वर येतो आणि तिथलं तीर्थ शेताला घेऊन जातो. नद्याही तिथे खोल घळींतून वाहतात, शेतं वर आणि पाणी तळाला. मग वर कुठेतरी बांध घालून पाणी वळवायचं आणि डोंगर पोखरून बोगद्यानं शेतापर्यंत आणायचं. हे बोगदे हातानं खोदणाऱ्या कारागिरांचे उल्लेख तिथल्या हजार-अकराशे वर्षांपूर्वीच्या ताम्रपटांत आहेत.

तळ्यांवरून खाली उतरलं की २,२७६ मीटर उंचीच्या बातुकारू पर्वताच्या पायथ्याला जातिलुविह लागतं. एका नजरेत मावणार नाहीत इतकी खाचरं, सहाशे हेक्टरांच्या आसपास. रस्त्यावरून फोटो काढून परत फिरू नका. बांधावरून आत चाला आणि पाटाला फाटा फुटतो ती जागा शोधा. आडव्या टाकलेल्या ओंडक्यात वेगवेगळ्या रुंदीच्या खाचा पाडलेल्या असतात. ज्याचा वाटा मोठा त्याची खाच रुंद. मीटर नाही, दरवाजा नाही, किल्ली नाही. पाणी कमी आलं तर सगळ्यांचं त्याच प्रमाणात कमी होतं, आणि कुणी लबाडी केली तर येणाऱ्या-जाणाऱ्याला उघड दिसतं. मी तिथे इतका वेळ उकिडवा बसलो की आमच्या सौभाग्यवती पुढे जाऊन चहा पिऊन आल्या.

एका पाटावरच्या शेतकऱ्यांच्या या संघाला सुबक म्हणतात. त्याचा प्रमुख पेकासेह. सुबकचे स्वतःचे लेखी नियम असतात, स्वतःची देवळं असतात, पाट साफ करायला न येणाऱ्याला दंड असतो. आमचा ड्रायव्हर असाच एक सभासद निघाला. पर्यटकांच्या हंगामात त्याला पाटावर जाणं जमत नाही, मग तो मुकाट्यानं पैसे भरतो. २०१२ मध्ये युनेस्कोनं जागतिक वारशात जे घेतलं ते हेच: साडेएकोणीस हजार हेक्टरांवरची शेतं, तळं, देवळं आणि ही व्यवस्था, सगळं मिळून.

पण वरचा शेतकरी खालच्याला पाणी सोडतोच का? कालव्यावर काम केलेल्या कुणालाही हाच प्रश्न पडेल. आपल्याकडे हेडचा, म्हणजे कालव्याच्या तोंडाशी असलेला माणूस ऊस लावतो आणि टेलवाला, म्हणजे शेवटचा, कोरड्या चारीकडे बघत बसतो. शेजपाळी, म्हणजे कुणाला कधी पाणी याच्या पाळ्या, कागदावर कितीही सुरेख आखा.

बालीतलं उत्तर कळलं ते एका फजितीतून. १९७० च्या दशकात हरितक्रांतीचे नवे वाण आले. शेतकऱ्यांना सांगितलं गेलं की देवळाचं वेळापत्रक सोडा, जमेल तितक्या लवकर, जमेल तितकी पिकं घ्या. सुरुवातीला उत्पादन वाढलं. मग तपकिरी तुडतुडे आणि भातावरचे रोग असे पसरले की उभी पिकं गेली. औषध मारावं तर कीड त्यालाही सरावायची. स्टीफन लान्सिंग या अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञानं याचा अभ्यास केला आणि जेम्स क्रेमर या परिसंस्थाशास्त्रज्ञाबरोबर संगणकावर दोन नद्यांच्या खोऱ्यांचं गणित मांडून पाहिलं. जुन्या पद्धतीत एका पट्ट्यातले सगळे सुबक एकदम लावणी, एकदम कापणी करत आणि मग सगळी रानं एकदम मोकळी राहत. तेवढ्यात किडीला खायलाच काही उरत नसे. मोकळ्या शेतांत बदकं सोडत, राहिलेलं काम ती करत.

वरच्या शेतकऱ्याला पाण्याची चिंता नसते, पण किडीची असते. खालच्यानं वेगळ्या वेळी भात लावला तर कीड तिथे वाढून त्याच्याकडे चढणार. तेव्हा खालच्यानं आपल्याबरोबरच लावणी करावी यात वरच्याचा स्वार्थ आहे, आणि त्यासाठी खालच्याला पाणी द्यावं लागतं. दुसरीकडे सगळा डोंगर एकाच दिवशी पाणी मागू लागला तर पुरणार नाही. या दोहोंच्या मधला तोल ज्या जागी बसतो ती जागा म्हणजे पाण्याची देवळं. ज्याला आधुनिक योजनाकार पूजाअर्चा समजले होते ते पीक नियोजन होतं. चांगुलपणावर भिस्त नाही, हे मला फार आवडलं. माणसाच्या स्वार्थाला धरून केलेली व्यवस्था टिकते.

आपल्याकडे असं काही नव्हतंच, असं मात्र समजू नका. धुळ्याकडच्या पांझरा नदीवर फड पद्धत होती, काही ठिकाणी अजून आहे. नदीवर एकाखाली एक बंधारे, प्रत्येकाच्या पाण्याखालच्या जमिनीचे फड, म्हणजे मोठे तुकडे, एका फडात सगळ्यांचं एकच पीक. पाणी द्यायला पाटकरी, राखणीला जागल्या, आणि सगळा कारभार गावाच्या हातात. वरती धरणं झाली, विहिरींवर मोटारी बसल्या आणि बरेच फड मोडले. जातिलुविहला मला मुळशीपेक्षा पांझराच जास्त आठवली. तिथे तिकीट काढून बघायला कुणी जात नाही, एवढाच फरक.

बालीतलं सगळं आलबेल आहे असंही नाही. दक्षिणेकडे खाचरांवर व्हिला उठतायत, पोरं शेत सोडून हॉटेलात लागतायत. उबुडजवळच्या तेगालालांगला शेतांपेक्षा झोपाळे आणि त्यावर फोटो काढून घेणाऱ्यांची रांगच जास्त दिसते. वेळ कमी असेल तर ते गाळा.

कधी जावं, तर पाऊस नोव्हेंबर ते मार्च. जातिलुविहचा जुना तांबडा भात सहा महिन्यांचा, साधारण जानेवारीत लावतात, म्हणजे एप्रिल-मेमध्ये रान हिरवं आणि जून-जुलैत पिवळं. दुपारनंतर तळ्यांवर ढग उतरतात, म्हणून ब्रातान सकाळी लवकर उरकावं. तांब्लिंगानला मोटरबोट नाही, भोवती जंगल आहे आणि गर्दी कमी. एकच तळं निवडायचं झालं तर मी तेच निवडीन. देवळात जाताना कमरेला सारोंग, म्हणजे लुंगीसारखं गुंडाळायचं वस्त्र, आणि पट्टा लागतो. आणि शाकाहारी असाल तर ऑर्डर देताना "तेरासी नको" हे आधीच सांगा. कोळंबी आंबवून केलेला तो लगदा निव्वळ भाजीच्या पदार्थातही घातलेला असतो. टेंपे मात्र सोयाबीनचं, ते बिनधास्त मागवा, आणि सोबत तिथलाच तांबडा भात.