ग्रामफू ते काझा: मोफत नकाशाच्या भरवशावर

मनालीहून स्पितीत मोटरसायकलने जायचे ठरले, तेव्हा सामानाची बांधाबांध सुरू करण्याआधी मी नकाशा हाती घेतला. अटल बोगद्यातून पलीकडे निघून कोकसर मागे टाकले की ग्रामफूपाशी स्पितीतल्या काझा गावाचा रस्ता फुटतो, आणि तिथून लोसर गाव येईपर्यंत मोबाईलच्या रेंजवर विसंबून राहण्यात अर्थ नाही. माझ्याकडे गार्मिन कंपनीचे ईट्रेक्स हे हातात मावणारे जीपीएस उपकरण आहे. ते दोन पेन्सिल सेलवर चालते, हातमोजे न काढता त्याची बटणे दाबता येतात आणि धुळीपावसाला ते दाद देत नाही. मात्र त्यात मुळात असलेला नकाशा ढोबळ आहे. मोठे रस्ते आणि शहरे यांपलीकडे तो फारसे काही सांगत नाही. ही उणीव ओपनस्ट्रीटमॅप भरून काढतो.

इंग्लंडमध्ये 2004 साली सुरू झालेल्या या प्रकल्पात जगभरचे स्वयंसेवक रस्ते, पूल, वस्त्या, ओढे यांची नोंद करतात आणि श्रेय देण्यासारख्या मोजक्या अटी पाळून ती माहिती कोणालाही विनामूल्य वापरता येते. गार्मिनला ती थेट वाचता येत नाही. एमकेजीमॅप नावाचे मोफत सॉफ्टवेअर तिचे रूपांतर करते. ज्यांना हा खटाटोप नको असेल त्यांच्यासाठी अशा तयार फाइली देणारी संकेतस्थळे आहेत. हव्या त्या प्रदेशाची फाइल उतरवून मेमरी कार्डावरच्या ‘गार्मिन’ फोल्डरमध्ये ठेवली की पुरे. मी समोच्च रेषांसह (म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषांसह) नकाशा घेतला, कारण घाटात पुढचा चढ किती उभा आहे हे या रेषांच्या दाटीवरून आधीच कळते.

फाइल कोणत्या तारखेची आहे हे मात्र डोळ्यांत तेल घालून पाहावे. अटल बोगदा ऑक्टोबर 2020 मध्ये खुला झाला. त्याआधीचा नकाशा कार्डावर राहिला, तर उपकरण आजही रोहतांग खिंडीची वाट दाखवील, आणि तिथे जायला वेगळा परवाना लागतो. दुसरी काळजी सेटिंगची. ‘कच्चे रस्ते टाळा’ हा पर्याय चालू राहिला, तर कुंझूम खिंडीची वाट सोडून किन्नौरमार्गे प्रचंड वळसा सुचवला जाऊ शकतो. स्पितीला निघालेल्याने तो पर्याय बंद करूनच किल्ली फिरवावी.

ग्रामफूनंतर डांबर संपले आणि नकाशाची खरी परीक्षा सुरू झाली. हा रस्ता कागदोपत्री राष्ट्रीय महामार्ग 505 आहे. उपकरण रस्त्याच्या दर्जावरून वेग गृहीत धरते, त्यामुळे वाटेतल्या बातलला पोहोचण्याची त्याने दाखवलेली वेळ महामार्गाला शोभणारी होती. प्रत्यक्षात गोटे, वाळू आणि पाणी यांतून गाडी बहुतेक वेळ दुसऱ्या गिअरच्या वर गेली नाही. म्हणून अशा वाटेवर मी वेळेचा आकडा पडद्यावरून काढून टाकतो आणि त्या जागी उरलेले अंतर व उंची ठेवतो. अंतराला इथे फार महत्त्व आहे, कारण या वाटेने मनाली सोडल्यावर पेट्रोलपंप थेट काझ्यातच भेटतो.

छतरूच्या पुढे पडद्यावर एक निळी रेघ रस्त्याला आडवी गेलेली दिसली आणि तिथे पुलाची खूण नव्हती. वळण घेताच नाला समोर आला. गाडी स्टँडवर लावून मी आधी चालत पाण्यात उतरलो. वरच्या अंगाला पाणी पसरट आणि उथळ होते, तळाशी नारळाएवढे गोटे होते. खालच्या अंगाला मात्र प्रवाहाने खड्डा पाडलेला होता. वरच्या बाजूने, पहिल्या गिअरमध्ये, नजर पलीकडच्या काठावर ठेवून गाडी काढली. हे नाले बर्फाच्या पाण्यावर वाहतात आणि ऊन चढेल तसे फुगतात, त्यामुळे ते पुढे कुठे कुठे आहेत हे आदल्या रात्री नकाशावर पाहून पहाटेच निघणे शहाणपणाचे ठरते. ज्या नाल्यांची नोंद नकाशात नव्हती, त्या प्रत्येक ठिकाणी थांबून मी खुणेचे बटण दाबले.

बातलचा पूल ओलांडल्यावर थोड्याच अंतरावर चंद्रताल सरोवराची वाट डावीकडे निघते. पाटीकडे लक्ष गेले नाही तरी फाटा पडद्यावर स्पष्ट होता. कुंझूम साडेचार हजार मीटरांहून उंच आहे. तिथे हवा विरळ झाल्याने डोके जड होते, आणि अशा वेळी पुढचे वळण कोणत्या अंगाला आहे हे एका दृष्टिक्षेपात कळणे ही मला या नकाशाची सर्वांत मोलाची मदत वाटली.

घरी आल्यावर मी माझा जीपीएक्स माग, म्हणजे उपकरणाने नोंदवलेल्या वाटेची फाइल, ओपनस्ट्रीटमॅपवर चढवला, खुणा केलेल्या नाल्यांच्या जागी पाण्यातून जाणाऱ्या रस्त्याची नोंद केली आणि जिथे खडी होती तिथे रस्त्याचा पृष्ठभाग तसा लिहिला. या नोंदी स्वतः पाहिलेल्याच असाव्यात; व्यापारी नकाशांवरून माहिती उचलून इथे भरण्यास प्रकल्पाची सक्त मनाई आहे. तयार फाइली ठरावीक काळाने नव्याने बनत असल्यामुळे पुढची फाइल उतरवणाऱ्या स्वाराला हे नाले आपोआप मिळतात. स्पितीत जाऊन आलेल्या प्रत्येकाने निदान पाण्याच्या जागा तरी भराव्यात, अशी माझी मनापासून विनंती आहे.