घासलेला फिल्टर

दांडिया बाजारातल्या एका काकूंचं वडोद्याबाहेर शेत आहे. तिथे गड्यांच्या कुटुंबांसाठी विहिरीचं पाणी गाळणारे वाळूचे दोन फिल्टर आहेत, अगदी सारखे. पावसाळ्यात काकूंनी त्यातला एक ब्लीचिंग पावडर घालून, वाळू चोळून लख्ख धुतला. दुसऱ्यावर तपकिरी, बुळबुळीत थर साचला होता. “त्याचं पाणी बंदच करते,” म्हणाल्या. मी म्हटलं, थांबा, आधी दोन्ही तपासू.

दोन्हींचं पाणी जिवाणूंचं खाद्य असलेल्या काचेच्या नळ्यांत घालून ठेवलं. नंतर नळ्या बघितल्या आणि मी चक्रावले. धुतलेल्या फिल्टरच्या जवळजवळ प्रत्येक नळीत वायूचा बुडबुडा, म्हणजे कोलिफॉर्म, पाण्यात घाण मिसळल्याची शंका आणणारे जिवाणू! पुढच्या चाचणीत विष्ठेतून येणारा ई. कोलायसुद्धा निघाला. थरवाल्याच्या नळ्या बहुतेक सगळ्या कोऱ्या.

मग त्या थराचा कण काचपट्टीवर घेतला आणि काकूंनाच सूक्ष्मदर्शकात बघायला लावलं. व्होर्टिसेला नावाच्या एकपेशीय जीवांची घंटेच्या आकाराची तोंडं देठावर डुलत होती, कडेच्या केसांनी भोवरा करून जिवाणू आत ओढत होती. टेबलाला जरा धक्का लागला, की देठ स्प्रिंगसारखा गुंडाळला जायचा. काकू किती तरी वेळ डोळा काढेनात.

जिवाणू असतो एक-दोन मायक्रॉनचा. वाळूच्या कणांमधल्या फटी त्याच्या कितीतरी पट मोठ्या. नुसतं चाळून तो अडणारच नाही. त्याला हा चिकट थर धरतो, व्होर्टिसेलासारखे प्रोटोझोआ खातात, खाली निसटलेले बरेचसे उपासमारीने मरतात. पण त्यासाठी पाणी अगदी सावकाश उतरावं लागतं, तासाला दहा-वीस सेंटिमीटर. १८९२ च्या कॉलऱ्यात जर्मनीतल्या हॅम्बुर्गमध्ये आठ हजारांवर माणसं गेली. शेजारचं आल्टोना हॅम्बुर्गच्या खालच्या अंगाला, त्याच एल्ब नदीचं पाणी पिणारं, तरी वाळूतून संथ गाळत असल्यामुळे पुष्कळसं वाचलं.

काकूंना सांगितलं: धुतलेल्याचा थर परत धरायला काही आठवडे जातील, तोवर त्याचं पाणी उकळूनच द्या. वाळू कधी कोरडी पडू देऊ नका. धार फारच मंदावली तर वरची सेंटिमीटर-दोन सेंटिमीटर वाळू तेवढी खरवडा. आणि क्लोरीन घालायचं ते गाळलेल्या पाण्यात, फिल्टरमध्ये नाही. ते मात्र दोन्हींना हवंच, कारण हा थर सगळेच जंतू अडवत नाही.