स्प्लिट ते बेलग्रेड बसने: तिकिटात न दिसणारे सामानाचे पैसे

व्हिएन्नाहून निघून क्रोएशियातले झाग्रेब, स्प्लिट, डुब्रोवनिक, माँटेनेग्रोतले कोटोर, बोस्नियातले मोस्तार, सारायेवो आणि शेवटी सर्बियातले बेलग्रेड असा सोळा दिवसांचा प्रवास मी ऑगस्ट महिन्यात पूर्णपणे बसने केला. निघण्यापूर्वी मार्ग, वेळा, भाडे आणि मुक्काम यांविषयी भरपूर वाचले होते. सामानाविषयी मात्र तिकीट विकणाऱ्या संकेतस्थळावर ‘एक मोठी बॅग तिकिटात समाविष्ट’ एवढेच वाक्य होते, आणि झाग्रेबच्या पुढे ते एकदाही खरे ठरले नाही. म्हणून हा वृत्तांत सामानाचाच आहे. बारा-पंधरा किलो पाठीवर घेऊन अर्धा तास उन्हात चालता येते, हे मी वाचणाऱ्यांबाबत गृहीत धरते. ज्यांना ते जमणार नाही त्यांनी हा मार्ग ऑगस्टमध्ये बसने करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

माझी पहिली चूक घरीच झाली होती. विमानात २३ किलोंची मुभा होती म्हणून मी चाकांची मोठी बॅग बरोबर २३ किलो भरली, तिच्यात न मावलेले कपडे आणि चपला एका कापडी बॅगेत घातल्या, आणि पाठीवर लहान सॅक घेतली. बसचा हिशेब विमानापेक्षा वेगळा असतो. फ्लिक्सबससारख्या मोठ्या कंपनीचा नियम पाहिला तर डिकीतली बॅग ८० × ५० × ३० सेंटीमीटर आणि २० किलोंपर्यंत, तर हातातली ४२ × ३० × १८ सेंटीमीटर आणि ७ किलोंपर्यंत चालते. व्हिएन्ना ते झाग्रेब या टप्प्यात माझ्या बॅगेचे वजन कोणी केले नाही आणि काही अडचणही आली नाही, त्यामुळे त्याविषयी अधिक लिहीत नाही.

झाग्रेबपासून पुढे स्थानिक कंपन्यांच्या बस लागतात आणि तेथे वजन किंवा माप विचारले जात नाही, नग मोजले जातात. डिकीशेजारी उभा असलेला वाहक हात पुढे करून ‘पर्त्ल्यागा’ म्हणतो, तेव्हा तो सामानाचे पैसे मागत असतो. ते रोख, शक्यतो नाण्यांत आणि प्रत्येक बॅगेमागे द्यायचे असतात. मला झाग्रेब–स्प्लिट आणि स्प्लिट–डुब्रोवनिक या दोन्ही टप्प्यांत प्रत्येक बॅगेचे २ युरो द्यावे लागले. पहिल्या वेळी माझ्याजवळ फक्त ५० युरोंची नोट होती. वाहकाने ती घेण्यास नकार दिला, आणि बस सुटायला चार मिनिटे उरलेली असताना मी सुट्या पैशांसाठी स्थानकातल्या दुकानाकडे धावले. क्रोएशियात १ जानेवारी २०२३ पासून युरो चालतो, आणि माँटेनेग्रो युरोपीय संघात नसला तरी तेथेही युरोच चालतो. त्यामुळे एक आणि दोन युरोंची दहा-बारा नाणी वेगळ्या पाकिटात ठेवली तर अर्ध्या मार्गाची सोय होते. बोस्नियासाठी मार्क आणि सर्बियासाठी दिनार यांची सुटी नाणी वेगळी लागतात. एका युरोला १.९५५८३ मार्क हा दर ठरलेला आहे; युरो दिल्यास वाहक घेतात, पण उरलेले पैसे परत मिळतील अशी आशा ठेवू नये.

आता डुब्रोवनिक ते कोटोर या टप्प्याविषयी सविस्तर लिहिते, कारण संपूर्ण प्रवासात मला मनापासून त्रास झाला तो याच ठिकाणी. अंतर जेमतेम ९० किलोमीटर आहे आणि वेळापत्रकात अडीच तास लिहिलेले होते. मला पाच तास दहा मिनिटे लागली. डुब्रोवनिकचे बसस्थानक जुन्या शहरात नसून तेथून सुमारे तीन किलोमीटरवर, ग्रूझ बंदराजवळ आहे. स्थानकावर वाहकाने माझ्या दोन बॅगांचे १० युरो मागितले. मी तिकिटावरची ‘एक बॅग समाविष्ट’ ही ओळ दाखवली, तेव्हा त्याने तिकडे न पाहता कापडी बॅग डिकीबाहेर ठेवली. मागे रांग होती, बस भरलेली होती, आणि पुढच्या बसचे तिकीट मिळेल याची खात्री नव्हती, म्हणून मी पैसे दिले. त्याने पावती दिली नाही.

देबेली ब्रियेग येथील क्रोएशिया–माँटेनेग्रो सीमेवर बस इतर वाहनांच्या रांगेत दीड तासाहून अधिक काळ उभी होती आणि तेवढा वेळ इंजिन बंद असल्यामुळे वातानुकूलनही बंद होते. पिण्याचे पाणी मी मोठ्या बॅगेत ठेवले होते, आणि बॅग डिकीत होती. क्रोएशियाच्या बाजूला सर्वांना उतरवून खिडकीपुढे रांगेत उभे केले. माँटेनेग्रोच्या बाजूला वाहकाने पासपोर्ट गोळा केले. त्यानंतर सीमाशुल्क अधिकाऱ्याने डिकी उघडायला लावून प्रत्येकाला आपापले सामान बाहेर काढून त्याच्याजवळ उभे राहायला सांगितले. तापलेल्या डांबरावर २३ किलोंची बॅग डिकीच्या तळातून ओढून काढणे, वीस मिनिटे तिच्याजवळ उभे राहणे आणि पुन्हा ती आत ढकलणे यात कोणीही मदत करत नाही, कारण प्रत्येक जण हेच करत असतो. जी बॅग एकट्याने गुडघ्याच्या उंचीपर्यंत दोनदा उचलता येत नाही, ती या मार्गावर आणू नये. सामान परत ठेवताना बॅगांची अदलाबदल होऊ शकते. माझी बॅग बसच्या दुसऱ्या बाजूच्या कप्प्यात गेली होती आणि कोटोरला ती शोधेपर्यंत चालक बस हलवण्याच्या बेतात होता. बॅगेवर ठळक रंगाची पट्टी बांधणे आणि आपल्या थांब्यावर सर्वांत आधी उतरणे, हे दोन उपाय मी तेव्हापासून कटाक्षाने पाळले.

चार दिवसांनी त्याच रस्त्याने डुब्रोवनिकला परतले, तेव्हा तिकीट कोटोरच्या स्थानकाच्या खिडकीवर घेतले आणि सामानाचा दर तेथेच विचारला. तो प्रत्येक बॅगेला २ युरो होता आणि छापील क्रमांकाची चिठ्ठीही मिळाली. जाताना माझ्याकडून अडीचपट पैसे घेतले गेले होते, हे मला तेव्हा कळले. रकमेपेक्षा मनाला लागली ती ही गोष्ट की माझ्यापुढच्या स्थानिक बाईंनी किती दिले हे मी पाहिलेच नव्हते. म्हणून आपला नंबर येण्यापूर्वी दोन-तीन प्रवासी काय देतात ते पाहावे आणि पावती मागावी. मला पुढे जेथे पावती मिळाली, तेथे रक्कम योग्य होती. असे जाऊन परत येणाऱ्यांनी आपला शेंगेन व्हिसा एकाहून अधिक प्रवेशांचा आहे का, हेही आधी तपासावे, कारण क्रोएशियातून माँटेनेग्रोत शिरले की शेंगेनबाहेर पडल्याचीच नोंद होते.

तुलनेने स्प्लिट–डुब्रोवनिक मार्ग सोपा झाला आहे. जुलै २०२२ मध्ये पेल्येशाचचा पूल खुला झाल्यापासून नेउमजवळ बोस्नियात शिरून पुन्हा क्रोएशियात येण्याची गरज राहिलेली नाही. मोस्तारचे दोन दिवस उत्तम गेले.

सारायेवोत दुसरी फसगत झाली. तेथे दोन बसस्थानके आहेत. मोस्तारहून मी रेल्वे स्थानकाशेजारच्या स्थानकावर उतरले होते आणि बेलग्रेडची बसही तेथूनच सुटेल असे धरून चालले होते. माझी बस होती लुकाविचा येथील पूर्व सारायेवोच्या स्थानकावरून. तिकिटावर ते नाव स्पष्ट छापलेले होते, मी ते वाचले नव्हते. १०३ क्रमांकाची ट्रॉलीबस शहराच्या कडेच्या दोब्रिन्या वस्तीपर्यंत जाते आणि तेथून पुढे सामानासह चालावे लागते. बाश्चार्शिया या सारायेवोच्या जुन्या बाजारपेठेच्या दगडी फरसबंदीवर आधीच एक चाक निखळलेली बॅग ओढत मी बस सुटायच्या सहा मिनिटे आधी पोहोचले. बेलग्रेडमध्येही जुना नकाशा उपयोगाचा नाही: मुख्य बसस्थानक सप्टेंबर २०२४ मध्ये सावा नदीच्या पलीकडे, नोवी बेओग्रादमध्ये हलवले आहे.

बसप्रवाशांच्या हक्कांविषयीच्या युरोपीय संघाच्या १८१/२०११ या नियमावलीवर फार विसंबू नये. सामानासाठी तीत प्रति नग किमान १२०० युरोंची जी भरपाईमर्यादा आहे ती बसच्या अपघातात झालेल्या हानीसाठी आहे, डिकीतून बॅग चोरीला गेली तर नाही. शिवाय तिच्यातील बहुतेक तरतुदी २५० किलोमीटर किंवा त्याहून लांबच्या मार्गांना लागू होतात, आणि सारायेवो–बेलग्रेड मार्गाची दोन्ही टोके संघाबाहेर आहेत. पासपोर्ट, औषधे, पैसे, लॅपटॉप, पॉवर बँक आणि एक लिटर पाणी पायांशी ठेवलेल्या सॅकमध्येच असावे. रात्रीच्या बसमध्ये सॅक डोक्यावरच्या फळीवर ठेवू नये.

मुक्कामाची खोली सोडल्यावर बस सुटेपर्यंत सामान ठेवायचे असेल तर स्थानकावर ‘गार्डेरोबा’ अशी पाटी शोधावी. तेथेही नगाप्रमाणे पैसे घेतात, आणि ती खोली रात्री किती वाजता बंद होते हे बॅग देण्यापूर्वीच विचारावे.

बेलग्रेडला पोहोचल्यावर मी हिशेब मांडला: झाग्रेबपुढच्या सात बसप्रवासांत सामानासाठी साधारण ३० युरो गेले, आणि त्यातले निम्मे केवळ त्या कापडी बॅगेचे होते, जिच्यातल्या चपलांचा एक जोड मी एकदाही पायात घातला नाही. पुढच्या वेळी ६० लिटरची एकच मऊ सॅक, भरून १४ किलोंच्या आत, आणि चाके असलेले काहीही नाही.