अण्णांची पट्टी

सांगली, गावभाग. २३ फेब्रुवारी. रात्रीचे दहा वाजत आलेत.

सकाळी अण्णांबरोबर मार्केट यार्डात गेले. रिटायर होऊन नऊ वर्षं झाली, तरी हळदीचे सौदे सुरू झाले की त्यांचा पाय घरात ठरत नाही. बत्तीस वर्षं एकाच अडत दुकानात दिवाणजी होते. एक व्यापारी पोत्यातनं हळकुंड काढून कटकन मोडत होता, आतला रंग बघत होता. अण्णांनीही लगेच एक उचलून मोडलं. घ्यायचं काही नाही, नुसती सवय. मग पिवळी बोटं माझ्या ओढणीला पुसली आणि म्हणाले, "राजापुरी हाय. चांगली वाळलीय."

दुकानात चहा आला, त्याबरोबर ठरलेला प्रश्नही. "काय पोस्ट आता तिकडं?" मी म्हटलं, फायनान्स मॅनेजर. मालक म्हणाले, "म्हणजे दिवाणजीच की!" सगळे हसले. सगळ्यांत मोठ्यानं अण्णा.

तिथं सांगितलं नाही ते इथं लिहिते. टोरोंटोतल्या माझ्या कंपनीनं डायरेक्टरची जागा देऊ केलीय. मेल तीन दिवस पडून आहे, शुक्रवारपर्यंत कळवायचंय.

टोरोंटोला पोचले २०१६ च्या नोव्हेंबरात. चिंतामणराव कॉलेजचं बी.कॉम., मग सीए, पुण्यात सात वर्षं नोकरी, एवढं सगळं बॅगेत होतं. मुलाखतीत कुणी वाईट बोलायचं नाही, गोड हसून "कॅनेडियन एक्सपिरियन्स" तेवढा विचारायचे. विहिरीत उतरू द्यायचं नाही आणि पोहता येतं का म्हणून विचारायचं, असा प्रकार. पाच महिन्यांनी या कंपनीत अकाउंट्स पेयेबल क्लार्क, म्हणजे पुरवठादारांची बिलं चुकती करणारी कारकून, म्हणून लागले. तासाला १८ डॉलर. पुण्यात माझ्या हाताखाली ज्या कामाला दोन पोरं होती, तेच काम. पहिल्या दिवशी घरी फोनवर "अकाउंट्समध्ये लागले" एवढंच सांगितलं.

कंपनी चहा, कॉफी, मसाले मागवते. कामगारांचे शेअर्स आहेत, बी कॉर्प म्हणून, म्हणजे नफ्याबरोबर माणसांचा आणि पर्यावरणाचाही विचार करते असं, सर्टिफिकेट आहे. ते मिळालं तेव्हा ऑफिसात केक कापला होता. तेव्हा २०० गुणांची परीक्षा होती, ८० ला पास. आमच्या शाळेत याला काठावर पास म्हणायचे. पँट्रीच्या भिंतीवर कंपनीची मूल्यं मोठ्या अक्षरांत लिहिलीत. मला सुरुवातीला त्याचं हसूच यायचं, कारण "उधार बंद" अशी पाटी ज्या दुकानात असते तिथंच उधारी जास्त असते, हे मी गावभागात लहानपणापासून बघितलेलं.

मत बदललं ते ऑगस्ट २०१९ मध्ये. जुलैचे हिशेब बंद करायचं काम चालू होतं आणि इकडं कृष्णा चढत होती. आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट, पाणी ५७ च्या वर गेलेलं. आई-अण्णा वरच्या मजल्यावर, लाइट नाही, फोन लागत नाही. मी एका स्क्रीनवर बँकेशी हिशेबाची जुळवणी आणि मोबाइलवर पाणीपातळीचे मेसेज, असं दोन दिवस काढलं. त्यात एका पुरवठादाराला एकाच बिलाचे पैसे दोनदा गेले. १८,४०० डॉलर. संध्याकाळी लक्षात आलं तेव्हा हातपाय गार पडले. नोकरी गेली तर विमानाचं तिकीट आणि घरभाडं यातलं काय आधी, याचा हिशेब मी बाथरूममध्ये उभी राहून केला.

तशीच जाऊन कंट्रोलरबाईंना, म्हणजे आमच्या हिशेबखात्याच्या प्रमुखांना, सांगितलं. लहानपणी कितीदा बघितलेलं, रोजमेळात चार आण्यांचा फरक निघाला तरी अण्णा मालकांना सांगितल्याशिवाय दुकान सोडायचे नाहीत. बाईंनी पहिलं विचारलं, घरचे कुठं आहेत? दुसरं विचारलं, एकाच बिल नंबरवर सिस्टिमनं दोनदा पैसे सोडलेच कसे? पैसे आठवड्यात परत आले. सिस्टिम दुरुस्त करायचं काम माझ्याकडंच आलं आणि त्यातनं पुढच्या वर्षी सीनियरची जागा. चूक केली म्हणून बढती मिळाली, असं मी थट्टेनं सांगते. पण ती चूक इतर कुठं केली असती तर काय झालं असतं, हेही मला माहीत आहे. पुण्यातल्या ऑफिसात अशाच चुकीपायी एका पोराला राजीनामा द्यायला लावलेला मी बघितलाय. तेव्हा मी गप्प होते.

खरी कसोटी २०२३ ला लागली. बँक ऑफ कॅनडाचा दर २०२२ च्या सुरुवातीला ०.२५ टक्के होता, तो जुलै २०२३ मध्ये ५ टक्क्यांवर गेला. आमचं कॅश क्रेडिट, म्हणजे बँकेकडचं खेळतं कर्ज, महागलं. वरून सूचना आली की सगळ्याच पुरवठादारांना ६० दिवसांनी पैसे द्यायचे. त्यात शेतकऱ्यांचे छोटे गट होते, ज्यांना आम्ही १५ दिवसांत देत होतो. तोवर मी मॅनेजर झालेले. मी भाषण केलं नाही, मला ते जमतही नाही. फक्त छोट्यांची देणी वेगळी काढली, ती एकूण देण्यांच्या आठव्या हिश्श्याएवढी भरली. त्यांना रखडवून वाचणारं व्याज काढलं, ते आमच्या वार्षिक मेळाव्याच्या जेवणापेक्षा कमी. तो कागद टेबलावर ठेवला. मिनिटभर कुणी बोललं नाही. मोठे गाडीवाले आणि खोकीवाले ६० दिवसांवर गेले, छोटे तिथंच राहिले.

इथंवर गोष्ट छान आहे. पण कमी पडले ते पैसे कुठून तरी यायचेच. त्या वर्षी बोनस निम्मा झाला आणि माझ्या टीममधला सगळ्यात हुशार मुलगा बँकेत निघून गेला. त्याच्या घरी नुकतंच बाळ झालेलं. जाताना म्हणाला, तुमची मूल्यं मला परवडत नाहीत. राग आला नाही. पगार बाजारापेक्षा थोडा कमीच आहे, हे मीच तर दरवर्षी एक्सेलमध्ये बघते.

दुपारी मावसभाऊ येऊन गेला. कुपवाड एमआयडीसीत त्याचं छोटं वर्कशॉप आहे. लहान उद्योगाचं बिल ४५ दिवसांत दिलं नाही तर माल घेणाऱ्याला त्या खर्चाची आयकरात वजावट पैसे प्रत्यक्ष देईल त्याच वर्षी, असं ४३बी(एच) कलम १ एप्रिल २०२४ पासून लागू झालं. "मग आता वेळेवर येतात का रे?" विचारलं तर हसला. "मार्चमध्ये येतात ताई. बाकी अकरा महिने गुड मॉर्निंगचे मेसेज."

संध्याकाळी अण्णा म्हणाले, तुझी पट्टी दाखव बघू, कशी असते. पट्टी म्हणजे अडत दुकानातनं शेतकऱ्याला मिळणारा विकलेल्या मालाचा हिशेब. लॅपटॉपवर एका कॉफीवाल्या गटाचं पेमेंट स्टेटमेंट उघडून दिलं. चष्मा पुसला, बोट एकेका ओळीवरनं खाली नेलं. वजन, दर, उचल वजा, निव्वळ देणं.

"हमाली कुठाय गं?"

"ते एफओबी असतं अण्णा. बोटीवर माल चढेपर्यंतचा खर्च विकणाऱ्याचा."

"म्हणजे गाडीभाडं, चढ-उतार, सगळं त्यांच्याच अंगावर."

"दरातच धरलेलं असतं ते."

"दरात धरलंय ते त्या शेतकऱ्याला कुठं दिसतंय? आमच्या पट्टीवर हमाली, तोलाई निदान लिहिलेली तरी असायची. माणूस भांडायला यायचा."

मला उत्तर सुचलं नाही. इतकी वर्षं ही स्टेटमेंटं माझ्याच हातातनं गेलीत. १५ दिवसांचा मान मिरवला, पण गोदामापासून बंदरापर्यंत किती जातात आणि शेवटी बागायतदाराच्या हातात काय पडतं, हा कॉलम मी कधी मागितला नव्हता.

आत्ता डायरेक्टरचा मेल पुन्हा उघडला आणि तसाच बंद केला. पर्चेसवाल्याला दोन ओळी लिहिल्या: गोदाम ते बंदर, किलोमागे किती, गटवार पाठव. तिकडं सकाळचे साडेअकरा झालेत, तो जागेवर असेल.