फुटक्या माठाचं डबकं

मागच्या आठवड्यात फॅमिली ग्रुपवर एक व्हिडिओ टाकला, आमच्या गॅलरीतल्या मातीच्या डबक्यात दयाळ पक्षी आंघोळ करतोय असा, जेमतेम वीस सेकंदांचा, तर लगेच चौघींचे मेसेज, कुठून घेतलंस गं ते मातीचं, ऑनलाइन मिळतं का, केवढ्याला पडलं. अगं बायांनो, ते विकतचं नाहीये, तो आमचा फुटका माठ आहे! तेव्हापासून प्रत्येकीला वेगवेगळं टाइप करत बसलेय, म्हणून म्हटलं एकदाच सगळं नीट लिहून टाकते.

आम्ही राहतो ठाण्यात वर्तकनगरला, दुसऱ्या मजल्यावर. मागे एक जुना उंबर आणि दोन गुलमोहर, आणि स्वयंपाकघराच्या खिडकीतून येऊरचा डोंगर दिसतो, मध्ये टॉवर उभे राहायच्या आधी अख्खा दिसायचा, आता फट राहिलीये तेवढा. येऊर म्हणजे संजय गांधी नॅशनल पार्कचीच आपली ठाण्याकडची बाजू, त्यामुळे कावळे-कबुतरं-साळुंक्या तर आहेतच पण बुलबुल, दयाळ, शिंपी, शिंजीर, चष्मेवाले असले पाहुणेही आमच्याकडे उतरतात. आणि एप्रिल-मेमध्ये दुपारी बारा ते तीनच्या मध्ये खिडकीत उभं राहून बघा कधीतरी, कावळा चोच उघडी टाकून बसलेला असतो, गळा नुसता लकलक हलत असतो. त्यांना घाम येत नाही ना, घामाच्या ग्रंथीच नसतात, मग अंगातली उष्णता बाहेर टाकायची ती अशी धापा टाकून, आणि धापा टाकल्या की शरीरातलं पाणी जातं. ते पाणी कुठूनतरी परत मिळायला नको?

आता कोणी म्हणेल ठाणं तर तलावांचं शहर, उपवन तलाव तुमच्यापासून हाकेच्या अंतरावर. आहे ना. पण चिमणीएवढ्या जिवाला तलाव कामाचा नाही हो, काठाला बांधीव कट्टा आणि खाली एकदम खोल पाणी, ती उतरणार कुठे? तिला हवं असतं डबकं. कडेला नखभर पाणी, मग हळूहळू थोडं जास्त, पायाखाली खरखरीत माती. मी लहान असताना आमच्या चाळीच्या नळाशेजारी असं डबकं कायम असायचं आणि त्यात चिमण्यांची झुंबड असायची. आता सगळ्या सोसायट्यांनी भिंतीपासून भिंतीपर्यंत पेव्हर ब्लॉक घातलेत, आमच्याही, डबकं साचायला जागाच ठेवली नाही. मला जे काही सांगायचंय ते एवढंच आहे की पक्ष्यांसाठी भांडं ठेवू नका, डबकं करा. हे कळायला मला एक जीव गमवावा लागला.

2019 चा मे महिना. घराला रंग दिला होता, डिस्टेंपरचा डबा रिकामा झाला, मी तो घासून स्वच्छ धुवून अर्धा भरून गॅलरीत ठेवला, वाटलं छान, मोठा आहे, दोन दिवस भरायला नको. दुसऱ्या दिवशी ऑफिसहून आले तर त्यात बुलबुलाचं पिल्लू तरंगत होतं. नुकतं उडायला लागलेलं, शेपटीसुद्धा पुरती वाढली नव्हती. आत उतरलं असणार आणि गुळगुळीत प्लास्टिकला नखं लागली नसणार. बाहेर वायरवर त्याची आई बसलेली, तोंडात काहीतरी किडा धरून, तशीच ओरडत होती. ती तो किडा टाकेचना. मी पिल्लाला उंबराखाली पुरलं, आणि अजूनही कोणाच्या बाल्कनीत पक्ष्यांसाठी म्हणून भरलेली बादली दिसली की मी बेल वाजवून सांगते, ओळख असो नसो.

तर मापं लक्षात ठेवायला सोपी, बोटाच्या पेरांनी मोजायची. कडेला एक पेर पाणी, मध्ये जास्तीत जास्त दोन पेरं, म्हणजे साधारण 2.5 सेंटिमीटर आणि 5 सेंटिमीटर. त्याच्यापुढे नाही. घरातलं भांडं खोलच असेल तर त्यात एका बाजूला दगड नाहीतर कौलाचा तुकडा तिरका टाका, उतार तयार होतो आणि पडलेल्या जिवाला चढून यायला वाट मिळते.

आता माठाचं सांगते. 2022 च्या उन्हाळ्यात आमच्या माठाला गळ्यापासून खाली बोटभर लांब तडा गेला. मी तो खाली नेऊन ठेवणार तेवढ्यात सासूबाई म्हणाल्या, "अगं टाकतेस कशाला, बूड चांगलं आहे त्याचं, आम्ही गावाला फुटक्या माठाच्या बुडात कोंबड्यांना पाणी ठेवायचो." आणि खरंच मी उलटा करून बघितलं, माठाचं बूड म्हणजे तयार डबकं की हो, कडेला उथळ, मध्ये खोल, आणि आतून खरखरीत! कुंभाराने जसं काही त्यासाठीच घडवलेलं.

कापायचा कसा ते नीट वाचा, कारण इथेच फुटतो. आदल्या रात्री माठ बादलीत पूर्ण बुडवून ठेवायचा, ओली माती कापायला मऊ जाते आणि धूळ उडत नाही (ती धूळ नाकातोंडात जाणं वाईट, तोंडाला रुमाल बांधाच). बुडापासून चार बोटं वर गोल चिकटपट्टी लावून घ्यायची, तीच आपली रेघ. मग हॅक्सॉ ब्लेडच्या एका टोकाला फडकं गुंडाळून मूठ करायची आणि रेघेवर सगळीकडून थोडं थोडं घासत जायचं, एकाच जागी खोल जायचं नाही, माठ फिरवत राहायचा, मध्ये मध्ये पाणी शिंपडायचं. मला दोन संध्याकाळी लागल्या. खाच सगळीकडून सारखी झाली की लाटण्याने हलकं हलकं ठोकत गेले आणि टक्क करून बूड सुटलं, एका जागी टवका उडाला तेवढाच. कापलेली कड धारदार असते, ती शहाबादी फरशीवर पाणी घालून घासली, हात फिरवून बघितला आणि मग बास केलं.

आणि खरी गंमत पुढे आहे. उरलेला वरचा भाग फेकायचा नाही. कापलेली बाजू जमिनीवर आणि माठाचं तोंड वर असा उभा केला, तड्याच्या वर-खाली बाइंडिंग वायरचे दोन फेर आवळले, आणि त्या तोंडावर कापलेलं बूड ठेवलं. बरोब्बर बसलं! थोडं डुगडुगत होतं म्हणून काथ्याच्या दोरीची चुंबळ करून मध्ये घातली, डोक्यावर हंडा घ्यायला करतात तशी. एक माठ, एक काप, आणि टाकायला काही उरलं नाही. कच्ची भाजलेली माती पाझरते त्यामुळे पाणी गार राहतं, ऐन दुपारी बोट घालून बघते तरी गारच. तोटा एवढाच की संध्याकाळपर्यंत निम्मं पाणी गेलेलं असतं, रोज भरावं लागतं. पण रोज बदलायलाच हवं ना, त्यामुळे त्याला मी तोटा धरत नाही.

पहिले पाच दिवस कोणी फिरकलं नाही. धीर धरा. सहाव्या दिवशी लालबुड्या बुलबुलांची जोडी आली. आधी ग्रीलवर बसून चारी दिशा बघून झाल्या, मग कडेवर उतरला एक, चोच बुडवली, मान वर करून घोट गिळला, परत बघितलं, मग पाय घातले पाण्यात आणि एकदम छाती टेकवून पंखांची अशी फडफड की निम्मं पाणी बाहेर. दुसरा तोवर ग्रीलवर पहारा देत होता आणि मग पाळी बदलली. आंघोळ झाली की ते लगेच उडून जात नाहीत, अंग झटकून तिथेच बसतात, शेपटीच्या मुळाशी चोच घासतात आणि मग एकेक पीस चोचीतून ओढतात. तिथे तेलाची ग्रंथी असते, ते तेल पिसांना लावतात. धूळमाती निघाल्याशिवाय तेल नीट लागत नाही, म्हणून त्यांना आंघोळ पिण्याइतकीच लागते. हे बघितल्यापासून मी नुसतं पिण्याचं पाणी ठेवण्यावर समाधान मानत नाही. दरवर्षी 20 मार्चला चिमणी दिन असतो, 2010 पासून, आपल्या नाशिकच्या मोहम्मद दिलावर यांच्या नेचर फॉरेव्हर सोसायटीने सुरू केला आणि आता जगभर पाळतात, त्या दिवशी ठिकठिकाणी मातीचे छोटे वाडगे वाटतात ते खूपच चांगलं काम आहे, फक्त त्या वाडग्यात पिता येतं, आंघोळ नाही. तो वाडगा असेल तर ठेवाच, शेजारी एक पसरट डबकंही करा.

माठ नसेल तर? कुंडीखालची मातीची ताटली, उत्तम. माझ्या मुलाची जुनी फ्रिस्बी होती, उथळ, कडेला ओठ असलेली, तिला तीन भोकं पाडून दोरीने टांगली (तीनच पाडा, दोन दोऱ्यांवर ती कलंडते), प्लास्टिक गुळगुळीत म्हणून आतून पॉलिश पेपरने खरवडलं आणि वर चार चपटे खडे. तिथे चष्मेवाले येतात, पाच-सहा एकदम, एवढेसे पोपटी-पिवळे, डोळ्याभोवती पांढरी गोल कड. स्टीलची परात उन्हात ठेवू नका, चटका बसतो. पोपडे निघालेला नॉनस्टिक तवा अजिबात नको. काचेची, चिनीमातीची भांडी दिसायला छान पण पाय घसरतो. आणि शिंजीर कधी भांड्यात उतरत नाही असा माझा अनुभव, तो ओल्या पानांवर अंग घासतो, म्हणून इस्त्रीच्या वेळी पाणी मारायची जुनी बाटली मी जास्वंदीजवळ ठेवलीये, सकाळी पानं भिजवली की पाच मिनिटांत हजर.

एक मात्र कळकळीने सांगते, काहीही करा पण ग्रीलच्या आत ठेवा. कठड्यावर, एसीच्या युनिटवर नाही. खाली माणसं चालतात.

आता डास. शेजारच्या काकूंनी मला जिन्यातच गाठलं, "तुझं ते पाणी, आमच्याकडे दोघांना डेंग्यू होऊन गेलाय गं," आणि त्यांची भीती शंभर टक्के खरी आहे, मी त्यांना घरात बोलवून सगळं दाखवलं. डेंग्यूच्या डासाला अंड्यापासून उडता डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात, म्हणून पाणी रोज ओतून टाकलं तर अळी वाढूच शकत नाही. पण नुसतं ओतून भागत नाही, कारण मादी अंडी घालते पाण्याच्या रेघेच्या जरा वर, भांड्याच्या भिंतीला चिकटवून, आणि ती अंडी कोरडीसुद्धा महिनोन्महिने टिकतात, पाणी लागलं की फुटतात. म्हणून आठवड्यातून दोनदा नारळाच्या शेंडीने कड घासायची, खसाखसा, आणि उन्हात वाळवायचं. साबण नाही, माती साबण पिऊन घेते. पाण्यावर तेलाचे थेंब टाकायचा जो उपाय सांगतात तो इथे चालणार नाही, पिसांना बाहेरचं तेल लागलं की ती चिकटतात आणि पक्ष्याला उडता येत नाही. काकू आता मी गावाला गेले की स्वतः डबकं उपडं घालून ठेवतात, किल्ली त्यांच्याकडेच असते.

कबुतरांचं विचाराल तर मी दाणे ठेवतच नाही, त्यामुळे गर्दी होत नाही. येतं एखादं, पितं. त्याचं पिणं बघण्यासारखं असतं, बाकी सगळे घोट घेऊन मान वर करतात, कबुतर चोच पाण्यात ठेवून एका दमात ओढतं, आपण स्ट्रॉने ओढतो तसं. कावळ्यांसाठी मात्र गच्चीवर वेगळी सिमेंटची ताटली आहे, कारण ते शिळा पाव, पोळी, कधी हाडूक आणून पाण्यात भिजवून मऊ करून खातात आणि ते पाणी तासाभरात वास मारतं. ती ताटली दिवसातून दोनदा बदलायची, आमचे वॉचमन काका बदलतात सकाळची.

जूनमध्ये पाऊस धरला की माठाचं बूड उपडं, फ्रिस्बी आत. चार महिने सगळीकडे पाणी असतं, आपलं भांडं भरलेलं ठेवायची गरज नाही. ऑक्टोबरच्या उन्हात परत बाहेर.

ह्या रविवारी फ्रिस्बीच्या दोऱ्या बदलायच्यात, नायलॉन उन्हाने पिठासारखा झालाय, हाताला चुरा लागतो, ह्या वेळी सुती घेणार आहे. आणि जांभळी नाक्यावरून नवीन माठ आणलाय, तो आहे तसा आहे, पण परवा सासूबाईंनी त्याला वरून खालपर्यंत हात लावून बघितलं आणि म्हणाल्या, "ह्याचं बूड जास्त पसरट आहे बघ."