कारखान्यातला बंद पीसी: बोर्ड चांगला होता, घोळ स्टँडबायच्या पाच व्होल्टात

मशीन मामांच्या टॉवेलच्या कारखान्यातलं, अक्कलकोट रोड एमआयडीसीतलं. एच८१ मदरबोर्ड, आय-थ्री ४१३० प्रोसेसर, डीडीआर-थ्रीच्या दोन रॅम, आणि वर ४५० वॅट छापलेला पण हातात घेतला की पोकळ लागणारा एसएमपीएस, म्हणजे पॉवर सप्लायचा डबा. तक्रार अशी की बटण दाबलं की पंखा अर्धा वेढा फिरतो आणि थांबतो. त्यात सोलापूरच्या गड्डा जत्रेचे, म्हणजे जानेवारीतल्या थंडीचे दिवस, बिलं अडकलेली. मामांचा फोन आला, "अरे, दुकानवाला मदरबोर्ड गेलाय म्हणालाय. नवाच घेऊ का?" म्हटलं, दोन दिवस द्या. झाले नऊ.

शुक्रवार रात्र
झाकण काढलं तर आत गोधडी. मागांच्या शेजारी ठेवलेल्या मशीनमध्ये सुताची तूस जाणारच, पण ही हीटसिंकवरून नखाने उचकटली तर अख्खी चौकोनी घडी निघाली. तिच्यात टॉवेलच्या काठाचा एक गुलाबी धागासुद्धा होता. ब्लोअर गच्चीवर नेऊन मारला. पंख्याच्या पात्यांमध्ये काडी अडकवून मारा. हवेने पंखा गरगर फिरला की त्याचे बेअरिंग जातात.

मग नेहमीचं पारायण. रॅम काढल्या, खोडरबरने पाय घासले, एकेक लावून पाहिली. सीआर२०३२ सेल २.६ व्होल्ट दाखवत होता, तो बदलला. बटण खराब असेल म्हणून बोर्डावरच्या पॉवर स्विचच्या दोन पिना स्क्रूड्रायव्हरने टेकवल्या. प्रोसेसरची चार पिनांची वायर काढून लावली. काहीही फरक नाही, तोच अर्धा वेढा.

शनिवार
एसएमपीएस बाहेर काढून २४ पिनांच्या कनेक्टरमध्ये हिरवी वायर काळीला जोडली, म्हणजे बोर्डाशिवायच एसएमपीएस चालू होतो. पंखा लगेच फिरला. पिवळी १२.१, लाल ५.०६, नारिंगी ३.३१, जांभळी ५.०८. सगळं ठरलेल्या व्होल्टच्या पाच टक्क्यांच्या आत. यातली जांभळी म्हणजे स्टँडबाय: मशीन बंद असलं तरी प्लग लावला की येणारे पाच व्होल्ट. वहीत लिहिलं, "एसएमपीएस ओके." या दोन शब्दांनी माझा आठवडा खाल्ला. बोर्डावरचा छोटा एलईडीही जळत होता, म्हणजे स्टँडबाय येतंय असंच धरून चाललो. बुधवारपर्यंत मी बोर्डाच्याच मागे. सॉकेटच्या पिना भिंगाखाली पाहिल्या, बायोस रीसेट केला. त्यातलं एकही सविस्तर सांगण्यासारखं नाही.

गुरुवार
उरलेल्या केबल न्यायला कारखान्यात गेलो. मुनीमकाका सहज बोलून गेले, "दोन महिने झाले, सकाळी स्विच टाकून चहा पिऊन यायचं, मग लागतंय बघा." हे पहिल्याच दिवशी विचारायला हवं होतं. प्लग चालू ठेवला की थोड्या वेळाने लागतं, आणि तेही थंडीत जास्त त्रास देतं, हे म्हाताऱ्या इलेक्ट्रोलिटिक कॅपॅसिटरचं (वीज साठवून व्होल्ट स्थिर ठेवणाऱ्या छोट्या डबीचं) लक्षण. आतलं द्रव वाळलं की अंतर्गत रोध वाढतो, आणि थंडीत तो आणखी वाढतो. प्लग लावला की स्टँडबायचं सर्किट कायम चालू असतं. त्याच्याच उबेने कॅपॅसिटर थोडा ताळ्यावर यायचा.

घरी येऊन जांभळ्या आणि काळ्या वायरमध्ये ४.७ ओहम, १० वॅटचा सिमेंटचा रेझिस्टर लावला, म्हणजे साधारण एक अँपिअरचा लोड. मीटर ५.०८ वरून थेट ४.२ वर आला. पाच टक्क्यांची खालची मर्यादा ४.७५ आहे. शनिवारी हिरवी-काळी जोडून केलेल्या चाचणीत जांभळ्या वायरवर जवळपास काहीच भार नसतो. बोर्ड लावला की मशीन बंद असताना लॅन, यूएसबी वगैरे तिच्यावरच जगतात. आणि एलईडी काय, ४ व्होल्टवरही आनंदाने जळतो.

शुक्रवार
आता एसएमपीएस उघडायचा, तर एक गोष्ट दरडावून सांगतो. आतल्या मोठ्या कॅपॅसिटरवर ३२५ व्होल्टच्या आसपास डीसी असतो आणि प्लग काढला तरी तो राहू शकतो. मी अर्धा तास थांबलो, मग मीटरने शून्य पाहूनच हात घातला. ज्यांना मोजता येत नाही त्यांनी डबा बदलावा. त्यात कमीपणा नाही.

स्टँडबायच्या आउटपुटचा १००० मायक्रोफॅरड, १० व्होल्टचा कॅपॅसिटर डोक्यावर फुगलेला होता. नवी पेठेतून १०५ डिग्री सोसणारा, लो ईएसआर म्हणजे कमी अंतर्गत रोधाचा आणला. पट्टीची बाजू मायनस, दोनदा बघून लावला. त्याच लोडवर ४.९६. संध्याकाळी मशीन पहिल्या दाबात लागलं, डिस्प्ले आला. मामांना फोनही करून टाकला.

शनिवार, सकाळचे सहा
परत बंद. आणि यावेळी एसएमपीएसमधून घड्याळासारखं बारीक टिक-टिक. लै चिडलो. पण आवाज ऐकूनच अंदाज आला. स्टँडबायचं सर्किट चालवणारी आयसी (चिप) चालू व्हायला बघते, तिलाच पुरवठा पुरत नाही, म्हणून बंद पडून परत सुरू होते. त्या आयसीशेजारी, गरम हीटसिंकला चिकटून, ४७ मायक्रोफॅरड, ५० व्होल्टचा इवलासा कॅपॅसिटर होता. फुगलेला नाही, डाग नाही, कालच आणल्यासारखा दिसणारा. काढून मोजला तर ९ मायक्रोफॅरड. काल फुगलेला दिसला म्हणून मी त्यावरच थांबलो होतो. न फुगलेलाही वाळतो, हे माहीत असून.

तो बदलला. लोडवर ५.०४. रात्रभर प्लग काढून ठेवला, रविवारी पहाटे लावला आणि लगेच बटण दाबलं. लागलं. त्यानंतर चार पहाटे चार वेळा.

मशीन कारखान्यात गेलंय. जमिनीवरून उचलून टेबलावर, मागांकडे पाठ करून ठेवलंय. पुढच्या जाळीवर झिरझिरीत कापड लावायचा मोह झाला होता, पण आठवड्यात त्यावर तूस बसून हवाच बंद होईल, म्हणून मुनीमकाकांना दर शनिवारी ब्रश मारायला सांगितलंय. नारिंगी वायरचे दोन कॅपॅसिटर अजून जुनेच आहेत. पत्र्याखाली ऑफिस आहे, एप्रिलच्या उन्हात लोड लावून तिथेच परत मोजणार आणि आकडे इथे टाकणार.